एमी जॉन्सनचं दुसरं लायसन्स

रात्रपाळी (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री ११.४०

गेल्या आठवड्यात आमच्या विमानदुरुस्तीच्या पाळीत एक नवीन मुलगी रुजू झाली. ट्रेनी. पहिल्याच रात्री चहाला बसलो तर कुणीतरी तिला विचारलंच, "पायलट नाही का झालीस?" हा प्रश्न मी अठरा वर्षं ऐकतेय. विमानाच्या आसपास बाई दिसली की ती एक तर एअर होस्टेस, नाही तर पायलट व्हायचं राहून गेलेली. कोपरापर्यंत ग्रीस माखून ती तिथे आपखुशीने उभी असेल, हे डोक्यात येतच नाही लोकांच्या. माझ्या मुलाखतीत तर लग्न झाल्यावर रात्रपाळीचं काय करणार, असं विचारलं होतं. म्हणून या आयडीचं नाव हे.

त्या मुलीला मी ब्रिटिश पायलट एमी जॉन्सनबद्दल सांगायला लागले, तर तिला अमेरिकन पायलट अमेलिया एअरहार्ट माहीत, एमी नाही. तेव्हा हा धागा.

एमीचा जन्म १ जुलै १९०३चा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचं तेव्हा मासेमारीचं मोठं बंदर होतं, तिथला. वडिलांचा मासळीचा घाऊक धंदा. शेफील्डहून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली. मग प्रेमभंग, मग लंडन, मग एका सॉलिसिटरच्या ऑफिसात नोकरी. सप्टेंबर १९२८मध्ये लंडनमधल्या स्टॅग लेनच्या फ्लाइंग क्लबात पहिला धडा घेतला. डोक्यावर दिलेली टोपी इतकी मोठी की कानातल्या नळीतून शिक्षक काय ओरडतोय ते हिला कळेना. शिक्षकाचं मत पडलं की हिला काही हे जमायचं नाही. बाकीचे लोक आठ-दहा तासांत एकट्याने उडायला लागत, हिला जवळजवळ सोळा तास लागले. तेव्हा ते 'जन्मजात पाखरू' वगैरे विसरा.

पण ती ऑफिसच्या आधी पहाटे आणि ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी हँगरमध्ये जाऊन बसायला लागली. तिथले इंजिनिअर जॅक हम्फ्रीज यांनी तिला हाकललं नाही, हातात पाना दिला. मेकॅनिक लोक तिला 'जॉनी' म्हणायचे. जुलै १९२९मध्ये तिला पायलटचं लायसन्स मिळालं. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरं, विमानाची देखभाल करणाऱ्या ग्राउंड इंजिनिअरचं 'सी' लायसन्स. हे मिळवणारी ब्रिटनमधली पहिली बाई. लोक पहिल्या लायसन्सचं कौतुक करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ती ऑस्ट्रेलियाला पोचली ती या दुसऱ्या लायसन्सच्या जोरावर.

विमान जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, वर कापड, कॉकपिट उघडं, इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं. तेही वापरलेलं, सहाशे पौंडांना घेतलेलं. पैसे वडिलांनी आणि तेलवाल्या लॉर्ड वेकफील्ड यांनी मिळून घातले. नाव ठेवलं 'जेसन'. ५ मे १९३० रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा वय सव्वीस, आणि तोवरची सगळ्यात लांबची फेरी लंडन ते हल. मुंबई-कोल्हापूरपेक्षाही कमी अंतर. एवढ्या शिदोरीवर अठरा हजार किलोमीटर.

आता तिचा एक दिवस बघा. आठ-दहा तास उघड्यावर वारा खायचा. जादा टाकीतलं पेट्रोल हातपंपाने वरच्या टाकीत चढवत राहायचं, त्याच्या वासाने मळमळायचं. संध्याकाळी उतरलं की लोकांचे हारतुरे, आणि ते आटोपले की हिची दुसरी पाळी सुरू. पेट्रोल शामॉयच्या चामड्यातून गाळून भरायचं, म्हणजे त्यातलं पाणी आणि कचरा वर राहतो. तेल बदलायचं, प्लग काढून घासायचे, टॅपेट बघायचे. मग तीन-चार तास झोप. पहाटे परत तेच. मी हे काम करते. बारा तास पाळी करून शेवटचा बोल्ट आवळताना डोळे कसे मिटतात ते मला माहीत आहे. आणि आमच्याकडे काम तपासून सही करणारा दुसरा माणूस असतो. तिची सही तिनेच करायची आणि त्या सहीवर पहाटे स्वतःच बसायचं.

बगदादच्या अलीकडे धुळीच्या वादळात सापडली. वाळवंटात कसंबसं विमान टेकवलं, चाकांना सामानाच्या बॅगा लावल्या, रेती आत जाऊ नये म्हणून हातरुमाल कोंबला आणि हातात रिव्हॉल्व्हर घेऊन शेपटीवर बसून राहिली. दुरून कुत्री भुंकत होती. बगदादला उतरताना चाकाजवळचा आधाराचा दांडा गेला. तिथे नवा बसवून घेतला, तर इराणच्या बंदर अब्बासला उतरताना त्याचा बोल्ट तुटला. तोही दुरुस्त केला. तरी सहाव्या दिवशी कराचीत! इथवर ती इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या आधीच्या विक्रमाच्या दोन दिवस पुढे होती.

कराचीहून अलाहाबाद गाठायचं होतं. समोरून वारा, पेट्रोल संपत आलेलं, म्हणून उतरली झाशीला, लष्कराच्या परेड ग्राउंडवर. झाडं चुकवत, शिपायांची पळापळ करत, इमारतीपाशी जाऊन थांबली. पंखाला लागलं. तिथल्या सुताराने रात्रीत दुरुस्त करून दिलं. दुसऱ्या दिवशी अलाहाबाद, कलकत्ता.

आणि मग रंगूनजवळचं इन्सेन. मला सगळ्यात आवडणारा मुक्काम. पावसात रेसकोर्स समजून ती एका तंत्रशाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर उतरली आणि पुढच्या चरात गेली. पंखाच्या फासळ्या मोडल्या, कापड फाटलं, चाकांचा सांगाडा वाकला, प्रोपेलर तुटला. जादा प्रोपेलर तिने विमानाच्या अंगाला बांधूनच आणला होता. (असा माणूस मला कुठल्याही पाळीत चालेल.) तंत्रशाळेची माणसं आणि जंगलखात्याचा एक अधिकारी मदतीला आले. लाकूडकाम झालं, लोहारकाम झालं. पण कापड? पहिल्या महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड पुढे स्वस्तात विकलं गेलं होतं आणि तिकडे त्याचे शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट उसवले आणि पंखावर चढवले. त्यावर द्यायचा लेप, ज्याला आम्ही डोप म्हणतो, तो तिथल्या औषधवाल्याकडून बनवून घेतला. डोप वाळला की कापड तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जातं. ते नीट ताणलं गेलं नाही तर पंख उचलत नाही. गेली तीन दिवसांनी उडून.

तिथेच विक्रमाची वेळ हातची गेली. २४ मे १९३० रोजी ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी पहिली बाई.

पुढचं आयुष्यही मोठं आहे, पण बारा वाजत आले. उद्या लिहिते.

---

वाचनवेडी | बुधवार, सकाळी ७.१५

काय सुंदर लिहिलंयस गं! चहा गार झाला माझा. शर्ट उसवून पंख शिवायचा भाग दोनदा वाचला. 'जेसन' हे ग्रीक पुराणातलं का? सोनेरी लोकर आणायला जातो तो?

पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा).

---

वसईचा वारा | बुधवार, सकाळी ९.०२

@वाचनवेडी, नाव मूळचं ग्रीकच असेल, पण विमानावर आलं ते मासळीच्या पेटीवरून. तिच्या वडिलांच्या मालाचा मार्का 'जेसन' होता. म्हणजे बापाने पैसे दिले आणि पोरीने बापाच्या मासळीची जाहिरात ऑस्ट्रेलियापर्यंत नेली. आमच्याकडे होडीला आईचं नाव देतात, तसंच की. घाऊक मासळीचा धंदा करणाऱ्या बापाने पोरीला विमानासाठी पैसे द्यायचे, ही गोष्ट मात्र आमच्या किनाऱ्यावर आजही कुणी पटकन मानणार नाही. त्या बापाला माझा रामराम.

---

शंकासूर | बुधवार, सकाळी १०.४८

लेख चांगला आहे, पण जरा थंड डोक्याने.

१. विक्रम मोडलाच नाही. बर्ट हिंकलर १९२८ मध्ये साडेपंधरा दिवसांत पोचला होता.
२. एवढा उदोउदो झाला त्यामागे एका वर्तमानपत्राचे दहा हजार पौंड होते.
३. ती डार्विनला उतरली ती २४ मेला, म्हणजे 'एम्पायर डे'ला. साम्राज्याला आयती नायिका मिळाली. क्रॉयडन, बगदाद, कराची, कलकत्ता, रंगून, सिंगापूर... नकाशावर जिथे जिथे ब्रिटिश साम्राज्याचा लाल रंग, साधारण तिथे तिथे ही उतरत गेली.

पुरुषाने एकोणीस दिवस घेतले असते तर धागा निघाला असता का?

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १.३०

शंकासूर, पहिला मुद्दा एकदम मान्य, मी स्वतःच लिहिलाय. फक्त हिंकलर हा महायुद्धापासून विमानात मुरलेला माणूस होता आणि ऑस्ट्रेलिया त्याचं घर होतं. ही टायपिस्ट, दोन वर्षांपूर्वी विमानात पहिल्यांदा शिकायला बसलेली.

दुसरा मुद्दाही खरा, पण पैसे आले ते उड्डाण गाजल्यावर. आणि त्या पैशांची किंमत तिने मोजली. करारात गावोगाव फिरून भाषणं देणं आलं. ब्रिस्बेनला उतरताना विमान उलटं झालं, तरी सत्कार थांबेनात. ऑगस्टमध्ये इंग्लंडला परतली तेव्हा क्रॉयडन ते लंडन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. थोड्याच दिवसांत ती इतकी खचली की दौरा अर्धवट सोडावा लागला. विमान दुरुस्त करता येतं हो, असं दमलेलं माणूस कुठल्या हँगरमध्ये न्यायचं?

तिसऱ्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लाल रंगाचा मुद्दा बरोबर आहे. मग झाशीच्या सुताराचं आणि इन्सेनच्या शर्टवाल्यांचं काय करायचं? त्यांची नावं कुठेच सापडत नाहीत. मला त्यांच्यावर धागा काढायला जास्त आवडलं असतं.

---

सोलापुरी खमंग | बुधवार, दुपारी ४.१०

शंकासूर बोलला म्हणून मी तारखा लावून बघितल्या आणि अंगावर काटा आला ओ.

५ मे १९३०. मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या पुढे गांधीजींना नवसारीजवळच्या कराडी गावातून उचललं. सकाळी ही क्रॉयडनहून निघाली.
८ मे. अटकेच्या निषेधातून आमच्या सोलापुरात गोळीबार झाला. माणसं मेली. गाव पेटलं, पोलीस गाव सोडून गेले. ही तेव्हा इराकच्या वाळूत.
१२ मे. सोलापूरला मार्शल लॉ. ही कलकत्त्याला.
२१ मे. धारासनाला सत्याग्रहींची डोकी फुटत होती. ही तिमोरच्या वाटेवर.

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी. रोज कामाला जाताना त्यांच्या पुतळ्यांवरून जातो. लहानपणी आजी सांगायची, मार्शल लॉत गांधी टोपी घातली तरी धरून नेत.

बाईचं धाडस कमी होत नाही यानं. पण ती वरून गेली तेव्हा खाली काय चाललं होतं ते पण धाग्यात असू द्या.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ४.३५

खमंगभाऊ, हे मी मूळ लेखातच घ्यायला हवं होतं. राहू दे इथेच, कुणी काढू नका.

---

निवृत्त मास्तर | बुधवार, सायंकाळी ६.२०

वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही. त्याच मे महिन्यात आणखी दोन माणसे त्याच वाटेवर हवेत होती. आगाखानांनी इंग्लंड-भारत अंतर एकट्याने विमानातून कापणाऱ्या पहिल्या भारतीयास बक्षीस जाहीर केले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि अस्पी इंजिनिअर हा कोवळा मुलगा इंग्लंडहून कराचीकडे. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे प्लगअभावी अडकला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. बक्षीस अस्पीला मिळाले. पुढे तो भारतीय हवाईदलाचा प्रमुख झाला.

आपल्या शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट 'खिलाडूवृत्ती' या शीर्षकाखाली शोभली असती. मी ती वर्गात सांगत असे. मुले नेहमी एकच विचारत, "सर, मग टाटांना वाईट नाही वाटलं?"

---

रात्रपाळी | बुधवार, सायंकाळी ६.५५

मास्तर, दंडवत. बघा, परत प्लगच! १९३०ची विमानविद्या म्हणजे निम्मी प्लगविद्या होती.

---

मूळचा झाशीकर | बुधवार, रात्री ९.४४

नमस्कार. मी या मंचावर फक्त वाचतो, लिहीत नाही. आमचं मराठी थोडं हिंदीकडे झुकलेलं, सांभाळून घ्या. आमचं घराणं झाशीत नेवाळकरांच्या काळापासून. लहानपण सगळं तिथलं. किल्ला, राणीमहाल, गणपती मंदिर, सगळ्यांच्या कहाण्या घरात पाठ. छावणीच्या मैदानावर सायकल शिकलो. तिथे कधी एक इंग्रज मुलगी विमान घेऊन उतरली होती, हे आज पन्नाशीत या धाग्यावर कळलं.

वडील ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना फोन लावून विचारलं. म्हणाले, "आमच्या गावात घोड्यावरची बाई एवढी मोठी, की विमानवालीला जागा कुठून उरणार?"

एक सांगतो. झाशीची मे महिन्याची धूप तुम्ही लोकांनी पाहिली नाही. दुपारी लोखंडी फाटकाला हात लावता येत नाही. उघड्या विमानात त्या उन्हात कराचीहून येणं! तोंड भाजून निघालं असणार.

---

वाचनवेडी | बुधवार, रात्री १०.०५

झाशीकर काका, लिहीत जा हो. तुमच्या वडिलांचं वाक्य म्हणजे लाखात एक.

---

शंकासूर | गुरुवार, सकाळी ११.१५

ठीक आहे, दोन पावलं मागे घेतो. धागाकर्तीने 'उद्या लिहिते' म्हणून टांग दिलीय. लग्नाचं काय झालं? तो मोलिसन हवेतच मागणी घालून बसला होता ना?

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी २.२०

झोपले होते! रात्रपाळी आहे नावातच.

हो, तोच जिम मोलिसन. स्कॉटिश पायलट, देखणा, आणि दारू सुटेना. १९३२मध्ये भेटीनंतर काही तासांतच मागणी घातली आणि जुलैत लग्न. पेपरवाल्यांना मेजवानी. त्याच वर्षी तो जो केपटाउनचा विक्रम करून आला होता, तो हिने नोव्हेंबरमध्ये मोडला. (घरात काय झालं असेल?) त्याआधी १९३१मध्ये हम्फ्रीजना बरोबर घेऊन सायबेरियावरून टोकियो गाठलं होतं. ती फेरी माझी आवडती, कारण दोन मेकॅनिक एका विमानात. १९३३मध्ये नवराबायको अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क तासाभरावर असताना कनेक्टिकटमध्ये आपटले. दोघं वाचले. १९३४ला लंडन-मेलबर्न शर्यत. १९३६ला ती परत केपटाउन गाठून आली, तो तिचा शेवटचा मोठा विक्रम. १९३८ला घटस्फोट.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. १९३५ ते ३७ ती ब्रिटनच्या महिला अभियंता संघटनेची अध्यक्ष होती. पायलटांच्या नाही, अभियंत्यांच्या.

---

गॅरेजवाला मिरज | गुरुवार, सायंकाळी ५.३०

१९३४च्या शर्यतीवर बोलू द्या, तो आपला विषय. नवराबायको डी हॅविलंड कॉमेटमधून, विमानाचं नाव 'ब्लॅक मॅजिक'. दोन इंजिनं. लंडन ते कराची विक्रमी वेळेत आणलं. पुढे रात्री वाट चुकले आणि उतरले जबलपूरला. विमानाचं पेट्रोल नाही. मग कुठलं भरलं? तिथल्या बस कंपनीचं!

आता बघा. बसचं इंजिन आपलं गरीब असतं, कॉम्प्रेशन कमी, काहीही पाजा, चालतं. शर्यतीच्या इंजिनाला हलकं पेट्रोल पाजलं की ते ठिणगीची वाट न बघता आतल्या आत पेटतं. ठोकायला लागतं. पिस्टन तापतो, जाम होतो. त्यांचं तेच झालं. एका इंजिनावर अलाहाबादपर्यंत ओढत नेलं आणि तिथे शर्यत सोडली. ज्यांनी जिंकली त्यांना मेलबर्न गाठायला एकाहत्तर तास लागले, त्यांचंही विमान कॉमेटच.

माझ्याकडे दर दिवाळीला एक तरी गिऱ्हाईक येतं, 'गाडी ठोकते'. विचारलं की कळतं, कुठल्या तरी आडगावात बाटलीतलं पेट्रोल भरलेलं. आता त्याला सांगीन, दादा, एमी जॉन्सनचं पण असंच झालेलं.

---

रात्रपाळी | गुरुवार, सायंकाळी ६.०५

मिरजकर, एक नंबर! आणि हेच मला खटकतं. जेसनवर असताना जी बाई पेट्रोल चामड्यातून गाळल्याशिवाय टाकीत ओतत नव्हती, तिच्या देखत बसचं पेट्रोल गेलं. त्या रात्री कॉकपिटमध्ये कुणाचं चाललं असेल याचा अंदाज मी बांधू शकते, पण तो माझा अंदाज, इतिहास नव्हे.

---

धुक्यातला दिवा | गुरुवार, रात्री ११.५०

तिच्या मृत्यूबद्दल कुणीच बोलत नाही. ५ जानेवारी १९४१. म्हणे आपल्याच लोकांनी तिला पाडलं आणि दाबून ठेवलं. गुप्त प्रवासीही होता म्हणतात. प्रेत सापडलं नाही. सव्वा तासाच्या प्रवासाला निघालेली बाई चार तासांनी शंभर मैल भलतीकडे कशी?

---

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ४.३०

ब्रेकमध्ये लिहितेय.

युद्धात ती एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत होती. कारखान्यातून किंवा दुरुस्तीतून निघालेली विमानं हवाईतळांवर पोचवायचं काम. हत्यार नाही, रेडिओ नाही, ढगांखालून जमीन बघत जायचं. बायकांना सुरुवातीला पुरुषांपेक्षा वीस टक्के कमी पगार, १९४३मध्ये समान केला. तो बघायला ही नव्हती.

त्या दिवशी हवा वाईट. ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला एअरस्पीड ऑक्सफर्ड न्यायचं होतं. बहुधा ढगांच्या वर अडकली, खाली जमीन दिसेना, इंधन संपत आलं आणि हवाई छत्री घेऊन उडी मारली. खाली टेम्सच्या मुखाचं पाणी, जानेवारीतलं. 'हॅसलमिअर' या जहाजाने तिला पाहिलं, दोर टाकले. तिला धरता आले नाहीत. लेफ्टनंट कमांडर वॉल्टर फ्लेचर यांनी पाण्यात उडी मारली. ते थंडीने बेशुद्ध झाले आणि वारले. एमी बुडाली. तिची बॅग तरंगताना सापडली.

गोळीबाराचं म्हणशील तर १९९९ मध्ये तोफखान्यातल्या एका म्हाताऱ्या सैनिकाने सांगितलं की ओळखीची खूण चुकीची आल्यामुळे आपण एक विमान पाडलं होतं, ते तिचं असावं. दुसरं म्हणणं, ती जहाजाच्या पंख्यात ओढली गेली. सिद्ध काहीच झालेलं नाही. गुप्त प्रवाशाची गोष्ट रंगवायला छान आहे. पण दाट ढग, रेडिओ नाही आणि टाकी रिकामी, एवढं मला पुरतं. आमच्या धंद्यात अपघाताला सहसा खलनायक लागत नाही.

आणि धुक्यातल्या दिव्या, ज्या गोष्टीत खरंच एक माणूस अनोळखी बाईसाठी गोठत्या पाण्यात उडी मारून मेला, तिथे आणखी रहस्य कशाला हवंय रे?

---

धुक्यातला दिवा | शुक्रवार, सकाळी ८.१०

फ्लेचरचं माहीत नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

---

वाचनवेडी | शुक्रवार, सकाळी १०.३०

अवांतर थोडं. आपल्याकडच्या बायकाही येऊ देत ना धाग्यात. लाहोरला १९३६मध्ये सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ उडवलं, एकवीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी. विमान तेच, एमीच्या जेसनचं भावंड. आणि आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुख! १९८५मध्ये कलकत्ता-सिलचर फोकर विमान, सगळ्या कर्मचारी बायका, कॅप्टन या. मी तेव्हा शाळेत होते. बाबांनी पेपरातलं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मी पुढे बँकेत गेले ती गोष्ट वेगळी.

आता तर आपल्याकडे पायलट मुलींचं प्रमाण जगात अव्वल म्हणतात.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ३.००

पायलट मुलींचं प्रमाण छापून येतं, अभिमान वाटतोच. हँगरमधल्या मुली कुणी मोजल्यात का, तेवढं सांग. आमच्या पाळीत आता दोन. गेल्या आठवड्यापर्यंत एक होती.

---

वसईचा वारा | शुक्रवार, सायंकाळी ७.४५

माझी भाची बारावीला आहे, सायन्स. स्कूटरचं कार्बोरेटर स्वतः उघडते. तिच्या आईला वाटतं वेळ वाया घालवते. हा धागा दोघींना पाठवलाय. आईने फक्त अंगठा पाठवला. भाचीने विचारलंय, शामॉय कुठे मिळतं?

---

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ८.२०

😄 तिला मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांग. गाडी पुसायला मिळतं ते चालेल, पण प्रयोग घराबाहेर आणि मामाच्या देखत. पेट्रोल आहे ते.

---

टेम्सकाठी | शनिवार, दुपारी १२.३०

उशिरा आलो. लंडनला अकरा वर्षं राहतोय. कालचा धागा वाचून आज मुलाला घेऊन सायन्स म्युझियममध्ये गेलो. तिसऱ्या मजल्यावर विमानांचं दालन आहे, तिथे 'जेसन' छताला टांगलेलं आहे. खरं विमान, तेच. गडद हिरवं अंग, चंदेरी अक्षरं. मी आधी दोनदा त्याच्याखालून गेलोय आणि मान वर केली नव्हती.

पहिलं वाटलं ते हे की किती लहान! आमच्या मुलुंडच्या घराच्या हॉलमध्ये पंख मिटून मावेल. मुलगा म्हणाला, "बाबा, हे खेळण्यातलं आहे का?" त्याला इन्सेनच्या शर्टांची गोष्ट सांगितली. मग अर्धा तास तो खाली उभा राहून पंखावर बटणाची भोकं दिसतात का ते शोधत होता.

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १२.४१

नाही दिसणार, नंतर किती तरी वेळा कापड बदललं असेल. पण ते जाऊ दे. चाकांजवळचा दांडा आहे ना, बंदर अब्बासला ज्याचा बोल्ट तुटला तो, त्याचा फोटो काढलास का?

---

टेम्सकाठी | शनिवार, दुपारी १२.५५

चाकांचा आहे, बोल्ट दिसत नाही, फार उंच आहे. पुढच्या रविवारी मोठी लेन्स घेऊन जातो. डावं की उजवं चाक ते तेवढं सांगून ठेव.